घरात तीन वर्षांचे मूल असताना कोणता पोपट घ्यावा?

मुले पोपटासाठी हट्ट धरतात, त्यांना कोणता पोपट आणून द्यावा, हा प्रश्न मुलांच्या समुपदेशनासाठी येणारे पालक मला बहुधा निघता निघता, दाराशी चपला घालताना विचारतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या एका कुटुंबाने मात्र तो बसल्याबसल्या विचारला, कारण त्यावरून घरात पंधरा दिवस धुसफूस चालली होती. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील मी येथे बदलले आहेत.

आई बँकेत नोकरीला, वडील संगणक क्षेत्रात आणि आठवड्यातले बरेच दिवस रात्रपाळीला, दिवसभर घरात आजी, थोरली मुलगी आठ वर्षांची आणि धाकटा मुलगा तीन वर्षांचा. बदलीमुळे हे सगळे साताऱ्याहून पुण्यात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला आले होते. नव्या शाळेत मुलगी तोंडच उघडत नव्हती. कोणीतरी सुचवले की घरात पोपट आणा, त्याच्याशी बोलता बोलता ती मोकळी होईल. आजींना गावाकडच्या वाड्यात होता तसा हिरवा मिठू हवा होता. वडिलांनी मोबाइलवर चित्रफिती पाहून पिवळ्या-केशरी रंगाचा सन कॉन्यूर पक्का केला होता. आईला चावणारे काहीही घरात नको होते. मुलगी खाली मान घालून एवढेच म्हणाली, "माझ्याशी बोलेल असा."

मी आधी एक गाठ सोडवली. मुलीचे शाळेतले गप्प राहणे हा वेगळा विषय होता. त्यासाठी तिच्याशी आणि तिच्या वर्गशिक्षिकांशी मी स्वतंत्रपणे काम करणार होते. पक्ष्याच्या अंगावर उपचाराचे ओझे टाकले, की तो बोलला नाही तर मुलगी हिरमुसते आणि घरच्यांना तो पक्षी फसलेला खर्च वाटू लागतो. प्रत्यक्षात अनेक पोपट आयुष्यभर माणसाचा एक शब्दही उच्चारत नाहीत, तरी ते निरोगी आणि आनंदी असतात. पोपट घ्यायचा असेल तर तो पोपट म्हणून आवडतो म्हणून घ्यावा, हे मी मुलीसमोरच सांगितले, आणि ती त्याला तयार झाली.

आजींचा मिठू हा सर्वांत नाजूक भाग होता. गळ्याला गुलाबी-काळे कडे असलेला आपला देशी पोपट, त्याच्याहून मोठा आणि खांद्यावर लाल पट्टा असलेला पहाडी पोपट, यांपैकी कोणताही विकत घेणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तो कितीही लाडाने ठेवला तरी कायदा बदलत नाही. झाडांच्या ढोल्यांतून पिल्ले काढून ती कोंबून नेली जातात, त्यांतली कित्येक वाटेतच मरतात, आणि उरलेल्यांपैकी एखादे आपल्या घरी 'लहानपणापासून माणसाळलेले' म्हणून येते. मला वाटले होते की आजी रागावतील. त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्या मिठूचे पंख दर दोन महिन्यांनी कापायचे. तेव्हा कुणाला काही वाटायचं नाही." त्यानंतर देशी पोपटाचा विषय त्या घरात निघाला नाही.

सन कॉन्यूर परदेशी आहे आणि तो पाळता येतो, मात्र तो साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. नुसती विक्रेत्याची पावती म्हणजे 'पेपर्स' नव्हेत. परंतु या घरासाठी माझा आक्षेप कागदांचा नव्हता. मी वडिलांना विचारले, "रात्रपाळी करून तुम्ही किती वाजेपर्यंत झोपता?" ते म्हणाले, अकरापर्यंत. पोपट मुळात थव्याने राहणारे पक्षी; उजाडताना आणि मावळतीला एकमेकांना हाका मारणे हा त्यांचा स्वभावच आहे, आणि कॉन्यूरची हाक इतकी कर्कश असते की दार लावूनही ती शेजारच्या घरात ऐकू जाते. शिवाय हा पक्षी वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. आठ वर्षांची मुलगी तिशीला टेकेपर्यंत त्याचे करणारे माणूस घरात कोण असेल, हा प्रश्न मी विचारला तेव्हा नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. आफ्रिकन ग्रेसारखे मोठे पोपट तर चाळीस-पन्नास वर्षे साथ मागतात. लहान मुलांच्या घरात मी ते कधीच सुचवत नाही.

यानंतर मी धाकट्याकडे वळले, कारण पोपट निवडताना हट्ट धरणाऱ्या मुलाच्या वयापेक्षा घरातल्या सर्वांत लहान मुलाचे वय महत्त्वाचे असते. बोलणे चालू असताना तो टेबलावरचा कापडी ससा दोन्ही मुठींत आवळून छातीशी धरत होता. तीन वर्षांच्या मुलाचे प्रेम मुठीत असते. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वास ओढणारा पडदा, नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच त्यांचा श्वास चालतो, आणि म्हणून चोच-पंख मोकळे ठेवूनही नुसती छाती आवळली गेली तर छोटा पक्षी काही क्षणांत गुदमरतो. मी त्या सशाकडे बोट दाखवून हे सांगितले, आणि आईच्या मनातला प्रश्न 'पक्षी मुलाला चावेल का' इथून 'मुलाकडून पक्ष्याला इजा होईल का' इथे सरकला. माझ्या अनुभवात ही दुसरी काळजी फार थोडे पालक घेऊन येतात, आणि खरी काळजी तीच असते.

उरले दोन पक्षी, दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले. पहिला कॉकाटील. डोक्यावरच्या तुऱ्यामुळे त्याचे मन मुलांना वाचता येते: तुरा ताठ उभा असेल तर तो दचकलेला किंवा कुतूहलाने पाहणारा, अगदी चपटा करून फुसफुसत असेल तर रागावलेला. स्वभावाने तो सौम्य, आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. मात्र त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते, आणि वडिलांना धुळीचा दमा होता. त्यामुळे कॉकाटील बाजूला पडला. दुसरा बजरीगर, ज्याला आपल्याकडचे पुष्कळ दुकानदार 'लव्हबर्ड' म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेतला निराळा पक्षी. दिसायला गोजिरवाणा, पण चोचीने जोरदार आणि पिंजऱ्यात घातलेल्या हातावर धावून जाणारा. बजरीगरचे वजन तीस-चाळीस ग्रॅम, चिमटा बारीक, आवाज दिवसभराची कुजबुज वाटावी असा, आणि आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षे. त्याच्याही पिसांचा कोंडा असतोच, फक्त कमी. म्हणून वडिलांनी आधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे आणि पिंजरा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, हे मी स्पष्ट केले.

मग मी त्यांना घाई करू दिली नाही. दिवाळीच्या फटाक्यांत नवा पक्षी आणणे क्रूरपणाचे ठरले असते, तेव्हा दिवाळी होऊन जाईपर्यंत थांबायचे ठरले. मधल्या काळात एकवीस दिवस रोज सकाळी सातला हॉलच्या कोपऱ्यातल्या वाटीतले पाणी बदलायचे आणि खालचा वर्तमानपत्राचा कागद बदलायचा, जणू तिथे पक्षी आहे. मुलीने सहा दिवस नेमाने केले. सातव्या दिवसापासून ते काम आईने केले. पुढच्या भेटीत मुलगी ओशाळून बसली होती, तेव्हा मी तिला सांगितले की आठ वर्षांच्या मुलीकडून एवढेच अपेक्षित असते आणि यात तिचे काही चुकलेले नाही. आई मात्र म्हणाली, "म्हणजे पक्षी माझाच असणार आहे." मी म्हणाले, "हो. तुम्हाला हवा असेल तरच आणा." तिने आठवडाभर विचार केला आणि होकार कळवला. तो होकार आला नसता तर मी नकारच सुचवला असता, मुलगी कितीही रडली तरी.

दोन आणायचे, कारण मुले शाळेत आणि आई बँकेत असताना एकटा बजरीगर झुरतो. दुकानात मडके लावलेला पिंजरा देतात. पिल्ले नको असतील तर ते मडके लावू नये. कपाळावरच्या बारीक काळ्या रेघा नाकपुड्यांपर्यंत आलेल्या असतील तर पक्षी तीन-चार महिन्यांच्या आतला, म्हणजे लवकर रुळणारा. मात्र स्वतः दाणे न टिपणारे पिल्लू 'हाताने भरवा, जास्त माणसाळेल' म्हणून दिले, तर मुळीच घेऊ नये. गरम किंवा चुकीच्या पद्धतीने भरवलेले खाद्य त्याच्या जिवावर बेतते. अंग फुगवून डोळे मिटून बसलेला, नाक ओले असलेला, शेपटीखाली घाण चिकटलेला पक्षी दया येऊनही आणू नये. आणल्यावर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करावी, कारण पोपटांच्या वाळलेल्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. हात धुणे, चोचीचा मुका न घेणे, आणि आजींची ओठांत दाणा धरून भरवण्याची जुनी सवय सोडणे, हे याच कारणाने.

घरातल्या धोक्यांत आमचा सर्वांत जास्त वेळ छताच्या पंख्यावर गेला. मुलीने लाल स्केचपेनने 'पंखा बंद?' अशी चिठ्ठी लिहून बटणांच्या पाटीवर चिकटवली. पक्षी बाहेर काढण्यापूर्वी ती वाचायची आणि बोट लावून खात्री करायची, असा नियम ठरला. तापून धूर सोडणाऱ्या नॉनस्टिक तव्याने पक्षी मिनिटांत मरतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवला; डासांची कॉइलही बंद झाली. पिंजऱ्याच्या दाराला छोटे कुलूप लावून तो धाकट्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवला. खाण्याला फक्त राळे-बाजरी पुरत नाही. रोज थोडी कोथिंबीर, पालक, किसलेले गाजर, टोचायला समुद्रफेस. फरसाण, चॉकलेट, चहा आणि ॲव्होकॅडो पूर्ण वर्ज्य.

दिवाळीनंतर एक निळा आणि एक हिरवा असे दोन बजरीगर घरी आले. पहिल्या आठवड्यात निळ्या पक्ष्याने मुलीच्या बोटाला चिमटा काढला, आणि ती ते बोट मला दाखवायला आली. खूण जेमतेम दिसत होती. मी तिला महिनाभर पिंजऱ्यात हात घालू नकोस, नुसती शेजारी बसून मोठ्याने वाच असे सुचवले. ती मराठीचे पुस्तक घेऊन बसू लागली. धाकट्याचे काम ठरले होते ते राळ्याचे कणीस आईच्या हाताला हात लावून तारांतून आत धरण्याचे. पाचव्या आठवड्यात हिरवा पक्षी मुलीच्या तळहातावर उतरला, चार दाणे टिपून परत गेला. शाळेत ती तोवर शेजारच्या मुलीशी बोलू लागली होती; त्याचे श्रेय मी तिच्या वर्गशिक्षिकांना देते. पक्षी आजही बोलत नाहीत, फक्त कुकरची शिटी झाली की दोघे एकदम कलकलाट करतात.

शेवटच्या भेटीत प्रश्न होता मे महिन्यात साताऱ्याला जाताना पक्षी कुणाकडे ठेवायचे, याचा. शेजारच्या काकू तयार होत्या. मुलीने त्यांच्यासाठी वहीच्या पानावर सूचना लिहून आणल्या होत्या आणि मला तपासायला दिल्या. पहिली ओळ लाल शाईत होती: 'काकू, आधी पंखा बंद.'