सी-आर्म कुणाचा घ्यावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हाडांचा डॉक्टर आहे. कणकवलीजवळ छोटं रुग्णालय सुरू करतो आहे आणि ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, सी-आर्म घ्यायचा आहे (ऑपरेशन चालू असताना हाडांचं एक्स-रे चित्र पडद्यावर दाखवणारं मशीन). तीन जण येऊन गेले. एक परदेशी कंपनी फ्लॅट पॅनेलचं मशीन देते आहे. एक भारतीय कंपनी त्याहून बऱ्याच कमी किमतीत इमेज इंटेन्सिफायरचं देते. तिसरा व्यापारी जुनं परदेशी मशीन ‘रिफर्बिश्ड’ म्हणून आणखी स्वस्तात द्यायला तयार आहे. एकाचा आकडा दुसऱ्याला कळला की नवं कोटेशन येतं. किती ताणून धरू आणि कुणाचं घेऊ?
– एक डॉक्टर, कणकवली

उत्तर : डॉक्टर, किमतीची घासाघीस आता थांबवा. या तिघांना एकमेकांशी झुंजवायचंच असेल तर सर्व्हिसवर झुंजवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मशीन दुरुस्तीसाठी मी बरीच वर्षं फिरलो. स्वस्तातलं मशीन वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं पाहिलं, आणि नामांकित मशीन भर जुलैत चादर टाकून कोपऱ्यात उभं केलेलंही पाहिलं. खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी वॉर्डात, ओटी तयार, आणि सी-आर्म बंद म्हणून तिला ॲम्ब्युलन्समधून घाट चढून कोल्हापूरला न्यायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. बिघाड किरकोळ होता, एका बोर्डाचा. तो बोर्ड मुंबईच्या गोदामात नव्हता आणि इंजिनीअरकडे तेव्हा दुसरंच राज्य होतं.

आधी मशीनबद्दल. इंटेन्सिफायर म्हणजे मोठी निर्वात नळी. क्ष-किरण तिच्या तोंडाशी असलेल्या पडद्यावर पडून प्रकाश उमटतो, त्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटतात, ते वेगाने मागच्या छोट्या पडद्यावर आदळतात आणि तिथलं उजळ चित्र कॅमेरा टिपतो. हे तंत्र जुनं असलं तरी हाताच्या, घोट्याच्या, नडगीच्या फ्रॅक्चरला आजही पुरेसं आहे. त्याच्या दोन खोडी मात्र माहीत असू द्या. चित्र कडांना वाकतं, म्हणून लांब रॉड सरळ असूनही किंचित बाकदार दिसू शकतो. आणि वर्षं जातात तशी नळी मंदावते. चित्र पूर्वीइतकंच उजळ दिसावं म्हणून मशीन आपणहून किरण वाढवतं. म्हणजे पडद्यावर काहीच फरक कळत नाही आणि तुमच्या व तुमच्या नर्सच्या अंगावर जास्त डोस पडत राहतो. फ्लॅट पॅनेल म्हणजे त्या नळीऐवजी चित्र टिपणारी सपाट डिजिटल पाटी. तिचं चित्र कडेपर्यंत सरळ असतं आणि पाठीच्या कण्याच्या कामाला त्याचा खरा उपयोग होतो. पण पॅनेल बिघडलं तर ते जागेवर दुरुस्त होत नाही, बहुधा अख्खंच बदलावं लागतं. त्याची किंमत आजच लेखी घ्या.

डेमोत प्रतिनिधी स्वतःचा पंजा किरणांखाली धरून चित्र दाखवायला लागला तर त्याला थांबवा. एक तर तसं करणं चूक, आणि पंजा कुठल्याही मशीनवर छान दिसतो. जाड अंगाच्या माणसाच्या खुब्याचा बाजूचा व्ह्यू कसा येतो, कंबरेच्या मणक्याचा लॅटरल, म्हणजे बाजूचाच व्ह्यू, कसा येतो, हे ज्या रुग्णालयात ते मशीन आधीच बसलं आहे तिथे जाऊन, ऑपरेशन चालू असताना बघा. कमी किलोवॅटचं मशीन तिथेच दम टाकतं. फिरत्या ॲनोडची ट्यूब (क्ष-किरण सोडणारी नळी, तिचा तापणारा भाग फिरता असल्याने जास्त ताण सोसते) आणि पल्स मोड (किरण सलग न सोडता थांबून थांबून सोडणं) दोन्ही आहेत का, हेही विचारा. पल्स मोडने डोस बराच वाचतो.

आता आपली हवा. मृगापासून गणपतीपर्यंत इथल्या भिंतींना ओल असते, आणि इंटेन्सिफायरच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरते. रात्री एसी बंद करून सकाळी लावला की पाणी सुटतं ते मशीनच्या आतही सुटतं. ओटीत डीह्युमिडिफायर ठेवा आणि तो रविवारीही चालू राहू द्या. जांभ्या दगडात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या. व्होल्टेज संध्याकाळी कितीपर्यंत उतरतं हे मीटर लावून आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद तिन्ही कंपन्यांना द्या. कोण त्यावर स्टॅबिलायझर की यूपीएस याचं नीट उत्तर देतो आणि कोण ‘काही होत नाही, सर’ म्हणतो, यावरून पुष्कळ कळेल. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तुमची जागा नदीच्या बाजूला असेल तर ओटी वर घ्या. मात्र सी-आर्मचं वजन दोनशे-तीनशे किलोच्या घरात असतं, लिफ्ट त्या मापाची हवी.

‘आमची कंपनी मोठी, काळजी नको’ या वाक्याला फार किंमत देऊ नका. या धंद्यात नावं सारखी बदलतात. सीटी स्कॅनर काढणारी इंग्लंडची ईएमआय कंपनी घ्या. 1971 मध्ये त्यावर पहिला रुग्ण तपासला, 1979 मध्ये त्यांच्या हाउन्सफील्डना नोबेल मिळालं, आणि साधारण त्याच सुमारास कंपनी त्या धंद्यातून बाहेर पडली. मोठे स्पर्धक तिच्या पुढे निघून गेले होते. सी-आर्ममधली नावाजलेली ओईसी कंपनी 1999 मध्ये जीईने घेतली. कोडॅकचा वैद्यकीय विभाग 2007 मध्ये विकला जाऊन केअरस्ट्रीम झाला, तोशिबाचा 2016 मध्ये कॅननकडे गेला, हिताचीचा 2021 मध्ये फुजीफिल्मकडे. मशीन तेच राहतं, पण सुटे भाग कोण देणार आणि इंजिनीअर कुणाचा, ही घडी प्रत्येक वेळी नव्याने बसते. म्हणून ‘कंपनी विकली गेली तरी दहा वर्षं सुटे भाग मिळतील’ हे करारात लिहून घ्या.

भारतीय कंपन्या आता हलक्यात घेण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. चंडीगढची अलेंजर्स, म्हैसूरची स्कॅनरे ही नावं तुम्ही ऐकली असतील. जीईचंही विप्रोबरोबर बंगळूरूत 1990 पासून चालू आहे. या स्पर्धेमुळेच तालुक्याच्या गावात सी-आर्म परवडायला लागला, आणि मला त्याचं मनापासून समाधान आहे. पूर्वी मनगटाचं हाड बसवायलाही माणसं मुंबई गाठत.

करारात काय हवं? नुसता एएमसी (वार्षिक देखभाल करार, सुटे भाग वेगळे) नको, सीएमसी (सुट्या भागांसकट देखभाल करार) घ्या, आणि त्यात ट्यूब व डिटेक्टर (चित्र टिपणारा भाग) आहेत की वगळले आहेत ते बारीक अक्षरात वाचा. ट्यूब वगळलेला सीएमसी म्हणजे इंजिन सोडून गाडीची हमी. इंजिनीअर राहतो कुठे, हे विचारा. कोल्हापूर किंवा रत्नागिरी चालेल, पुणे जेमतेम, त्यापलीकडे नको. अमुक तासांत मशीन सुरू झालं नाही तर बदली मशीन द्यायचं किंवा रोजचा दंड, हे कलम घाला. आणि जे फार थोडे डॉक्टर मागतात ते मागा : सर्व्हिस पासवर्ड. मशीनचं सॉफ्टवेअर कुलूपबंद असेल तर करार संपल्यावर दुसरा कुणी इंजिनीअर त्याला हातही लावू शकत नाही, आणि मग तुम्ही त्या कंपनीच्या मुठीत.

जुन्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : पहिलं आणि एकमेव मशीन रिफर्बिश्ड घेऊ नका. रंग नवा असतो, ट्यूब किती चालली आहे ते कुणी सांगत नाही. शिवाय नवं असो की जुनं, अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घ्यावीच लागते, आणि विकणारा त्या परिषदेकडे अधिकृत पुरवठादार हवा. व्यापाऱ्याला हे पहिल्याच भेटीत विचारा.

तुमचं काम मुख्यतः हायवेचे अपघात, झाडावरून पडलेले आंबेवाले आणि म्हाताऱ्यांचे खुबे असं असेल, तर मी भारतीय कंपनीचं फिरत्या ॲनोडचं, जास्त किलोवॅटचं मशीन घेईन, इंजिनीअर जवळ असेल या अटीवर. दोन-तीन वर्षांत मणक्याची ऑपरेशनं सुरू करायची असतील तर आत्ताच पॅनेलचं घ्या आणि जिथे वाचवायचं तिथे फर्निचरमध्ये वाचवा.

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. गुहागरात काढलेला एक्स-रे दुसऱ्या सेंटरने बघायलाच नकार दिला. ‘आमचं मशीन डिजिटल, तिकडचं जुनं, परत काढा’ म्हणाले. खरंच काढावा लागतो का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, सेंटरांची आपापसातली चढाओढ तुमच्या आईने का सोसावी? ‘डिजिटल’ हा शब्द आता फार वेगळेपणाचा राहिलेला नाही. फुजीने फिल्मऐवजी खास कॅसेटवर एक्स-रे घेऊन ती स्कॅन करायची डिजिटल पद्धत 1983 मध्येच बाजारात आणली. गुडघ्याच्या झिजेत मशीनच्या नावापेक्षा आई उभी होती की झोपलेली, हे महत्त्वाचं. उभं राहिल्यावर अंगाचं वजन पडतं आणि सांध्यातली फट खरी किती उरली ते दिसतं. आधीची फिल्म झोपवून काढलेली असेल तर पुन्हा उभ्याने काढणं रास्त आहे. उभ्याने काढलेली, स्वच्छ असेल तर तीच घेऊन डॉक्टरांकडे जा, निर्णय त्यांना करू द्या. उभ्या माणसाची पुढून आणि बाजूने एकदम, कमी डोसमध्ये प्रतिमा घेणारी ईओएस नावाची यंत्रणा आहे, नोबेल मिळवलेल्या जॉर्ज शार्पाक यांच्या डिटेक्टरवर आधारलेली. मुलांच्या वाकड्या कण्याला तिचा फार उपयोग होतो. आईच्या गुडघ्याला तिची गरज नाही. यापुढे प्रत्येक तपासणीची सीडी मागून घ्या. त्यातली प्रतिमा डायकॉम या सर्वमान्य पद्धतीत असते, कुठल्याही कंपनीच्या मशीनवर काढली तरी दुसरीकडे उघडते.

प्रश्न : मी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करते आहे. कंपनीत जाऊ की हॉस्पिटलमध्ये?
– विद्यार्थिनी, देवरूख

उत्तर : आधी हॉस्पिटलमध्ये जा, तेही जिथे रात्रपाळीत अपघात येतात तिथे. वेदनेने हलणाऱ्या माणसाचा बिनचूक व्ह्यू एका फटक्यात काढता आला की कंपन्या तुला ॲप्लिकेशनच्या कामाला स्वतः बोलावतील, कारण मशीन विकल्यावर डॉक्टरांना ते चालवून दाखवणारं माणूस त्यांना हवंच असतं. टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) पहिल्या दिवसापासून लाव, आणि दर तिमाहीचा अहवाल मागून स्वतःजवळ ठेव.