बादली, मूठ आणि हृदय

सिंहगड चढायला लागलो की पहिल्या दहा पावलांतच छाती धडधडते. पाय अजून दमलेले नसतात, मग हृदयाला कळतं कसं?

मेंदू पायांना हुकूम सोडतो तेव्हाच हृदयालाही कळवतो. क्रोग आणि लिंडहार्ड या शास्त्रज्ञांनी कोपनहेगनमध्ये १९१३ साली ही कल्पना मांडली. दुसरी खबर खुद्द स्नायूंकडून येते. पोटरी ताणली-दाबली गेली की तिच्यातले बारीक मज्जातंतू पाठीच्या कण्यातून ती वर पोचवतात. एरवी व्हेगस मज्जातंतू हृदयाला लगाम घालून असतो. तो सैल सुटतो आणि ठोके सेकंदा-दोन सेकंदांत वाढतात. यात काळजीचं काही नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना गाठा.

आईला बीपीची गोळी चालू आहे. तासभर चालते, काही होत नाही. भरलेली बादली अंगणापर्यंत नेली की मात्र डोकं जड होतं. असं का?

चालताना स्नायू आवळतो, सैलावतो, रक्त खेळतं राहतं. बादलीची कडी धरलेली मूठ सैलावतच नाही. आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, आत टाकाऊ द्रव्यं साचतात. ती ओळखणारे मज्जातंतू वेगळे. त्यांची तक्रार पोचली की मेंदू रक्तदाब चढवतो, म्हणजे त्या दाबलेल्या वाटेनेही रक्त रेटलं जावं.

वर्गात मी हे दरवर्षी करून दाखवते. विद्यार्थी दोन मिनिटं मूठ आवळून धरतो. सोडायच्या क्षणी त्याच दंडावर बांधलेला रक्तदाबाचा पट्टा फुगवून रक्त अडवायचं, म्हणजे साचलेली द्रव्यं आतच राहतात. हात टेबलावर निपचित, बोटं फिकट. नाडी जवळजवळ पूर्ववत होते, पण दुसऱ्या दंडावर मोजलेला रक्तदाब चढाच! पट्टा सोडला की उतरतो. आलम आणि स्मर्क या संशोधकांनी १९३७ साली हेच नोंदवलं होतं.

तेव्हा आईला भरलेली बादली उचलू देऊ नका. अर्धी भरा, वाटेत टेकवा, हात बदला, श्वास रोखू नका. आणि डोकं जड होतं हे तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालाच.

हृदय प्रत्यारोपण झालेल्या काकांना 'व्यायामाआधी बराच वेळ हळू चाला' असं सांगितलंय. कशासाठी?

नव्या हृदयाचे मज्जातंतू शस्त्रक्रियेत तुटलेले असतात, त्यामुळे वरच्या दोन्ही खबरा त्याच्यापर्यंत थेट येत नाहीत. त्याला रक्तातून येणाऱ्या ॲड्रिनलिनची वाट पाहावी लागते. ठोके काही मिनिटांनी वाढतात आणि थांबल्यावर उतरायलाही वेळ घेतात. काकांनी शेवटीही तसंच हळूहळू थांबावं, एकदम खुर्चीत बसू नये.