अधिवृक्क ग्रंथीवरील गाठ आणि वाढलेला सीआरपी

प्रश्न : मुतखड्याच्या शंकेने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये माझ्या डाव्या मूत्रपिंडावरील अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीवर २.२ सेंटिमीटरची गाठ दिसली. रक्तातील सीआरपी (दाह असल्यास वाढणारे प्रथिन) ९ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. पांढऱ्या रक्तपेशींपैकी न्यूट्रोफिल ७२ टक्के, लिम्फोसाइट १८ टक्के. वय ५४, त्रास काहीच नाही. या गाठीमुळे शरीरात दाह सुरू आहे का? हा कर्करोग तर नसेल?

उत्तर : गाठीचे स्वरूप सीआरपी किंवा रक्तपेशींच्या आकड्यांवरून ठरत नाही. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि साधी सर्दी, हिरड्यांची सूज किंवा पोटावरची चरबी एवढ्यानेही ते थोडे वाढते. म्हणून काही आठवड्यांनी ही तपासणी पुन्हा करावी.

तुमच्या अहवालातील न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर ४ येते, आणि ते मला अधिक बोलके वाटते. या गुणोत्तराला दाहाचा निर्देशक म्हणतात खरे, पण अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिल पेशी प्रवाहात आणते आणि लिम्फोसाइट कमी करते, त्यामुळे कुठेही दाह नसताना हा आकडा वाढू शकतो. अशा काही गाठी बाहेरून लक्षणे न दाखवता थोडे जास्त कॉर्टिसॉल स्रवतात. कॉर्टिसॉल स्वतः दाहशामक असले, तरी ते दीर्घकाळ जास्त राहिल्यास पोटावर चरबी साठते, मधुमेह व रक्तदाब बळावतात आणि त्या वाटेने सीआरपीही वाढू शकतो. (अलीकडे सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानेही हे सारे आकडे बदलतात.)

म्हणून रात्री ११ ते १२च्या दरम्यान १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (एरवी कॉर्टिसॉलचा स्राव दाबणारे स्टेरॉइड) डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८-९ वाजता कॉर्टिसॉल मोजावे. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून कमी असेल, तर गाठ जादा कॉर्टिसॉल स्रवत नाही असे मानतात. रक्तदाब जास्त किंवा पोटॅशियम कमी असल्यास रक्तदाब व क्षारांचे नियमन करणारे अल्डोस्टेरॉन व रेनिनही तपासावे.

कर्करोगाच्या शंकेचे उत्तर स्कॅनमध्येच शोधावे. रंगद्रव्याविना (कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन न देता) काढलेल्या सीटीत गाठ एकसारखी दिसत असेल आणि तिची घनता १० हाउन्सफिल्ड युनिट (सीटीतील घनतेचे एकक) किंवा त्याहून कमी असेल, तर ती निरुपद्रवी समजली जाते, आणि २०२३च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यासाठी पुन्हा स्कॅन करण्याची गरज नसते. घनता त्याहून जास्त असल्यास मात्र मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या द्रव्यांची) तपासणी अवश्य करावी, कारण ती फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अशी संप्रेरके स्रवणारी गाठ, असू शकते; ही गाठ क्वचित इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारे प्रथिनही स्रवते आणि तेव्हा तापासह सीआरपी खरोखरच गाठीमुळे चढतो. अहवालात घनता लिहिलेली नसेल, तर क्ष-किरणतज्ज्ञांकडून ती लेखी मागून घ्या.