रजिस्ट्रेशन संपलेलं, तरी टेंडर भरलं, आता नोटीस आलीय

डिचोलीहून एका वाचकाने लिहिलंय, पीडब्ल्यूडीचं कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशन संपलेलं, रिन्यू करायचं राहून गेलं, आणि गटाराचं टेंडर भरताना सर्टिफिकेटच्या स्कॅनवर साल बदलून अपलोड केलं. काम मिळणारच म्हणून दोन ट्रक चिरेही उतरवून घेतले. आता ७ दिवसांची शो-कॉज, म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस आलीय, आणि भाचा नेटवर वाचून सांगतोय की लायसन नसताना टेंडर भरलं की ६ महिने जेल.

भाऊ, भाच्याने वाचलाय तो कॅलिफोर्नियाचा कायदा. तिथे लायसन नसलेल्या कंत्राटदाराला पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर केलेल्या कामाचं बिलही मागता येत नाही. आपल्याकडे नुसतं रजिस्ट्रेशन नाही म्हणून कोणी जेलमध्ये घालत नाही, टेक्निकल बिडलाच, म्हणजे कागदपत्रं तपासतात तेव्हाच, तुम्ही बाद, विषय संपला.

तुमचं दुखणं त्या बदललेल्या सालात आहे. बाकी आकडे एका फॉन्टमध्ये आणि शेवटचा ५ जाडजूड, हे तुम्हीच पाठवलेल्या कॉपीत मला मोबाईलवर दिसलं, तिथल्या इंजिनिअरला दिसणार नाही होय? फसवणुकीसाठी बनावट कागद केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६(३), ७ वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तो खरा म्हणून वापरला तर ३४०(२), शिक्षा तीच. काम मिळालं नाही म्हणून सुटका नाही. ३३६(३) अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस तक्रार होतेय असं कानावर आलं तर लगेच सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामीन, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४८२.

नोटिशीला उत्तर मुदतीतच द्या, पण स्वतःच्या हाताने लिहू नका. 'ऑपरेटरने चुकून केलं' असलं काही नको, एक खोटं झाकायला दुसरं, आणि कबुलीजबाबही नको, तो उद्या कोर्टात तुमच्याच विरुद्ध येईल. वकिलामार्फत डिपार्टमेंटकडे कागदांच्या कॉपी मागा, प्रत्यक्ष सुनावणी मागा. ब्लॅकलिस्ट करायचं तर आधी नोटिशीत तसं सांगायला लागतं, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. न सांगता केलंच तर पर्वरीला हायकोर्टात रिट करता येते. ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरलेली अनामत, मात्र टेंडरच्या अटीत जप्ती असेल तर गेली समजा.

चिऱ्यांचे पैसे डिपार्टमेंटकडे मागायचं डोक्यातून काढा. वर्क ऑर्डर नाही, आणि करार नसतानाही मोबदला देणारं काँट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७० लावायचं तर समोरच्याने फायदा घेतलेला लागतो, इथे चिरे तर तुमच्याच अंगणात पडलेत. घर बांधणारा कोणी बघा आणि विकून मोकळे व्हा.