एलव्हीएडी (कमजोर हृदयाला रक्त ढकलायला मदत करणारा, शरीरात बसवलेला पंप) असलेल्या पेशंटला सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबली, तर पंप निसटतो का? शॉक (विजेचा झटका) देता येतो का?

प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण "छाती दाबू नका, पंप निसटेल" हेच वाक्य माझ्या दिरांनी माझा हात धरून मला ऐकवलं होतं, आणि तेव्हा माझा नवरा समोर जमिनीवर पडला होता.

रात्री हे बाथरूममधून आले आणि कोसळले. नाडी बघण्यात वेळ घालवलाच नाही, या पंपवाल्यांची ती धडधाकट असतानाही बहुतेक लागत नाही. छातीला कान लावला तर पंपाची नेहमीची घरघर नाही, कंट्रोलरचा (पंप चालवणाऱ्या, अंगाबाहेरच्या डबीचा) अलार्म एकसारखा चालू, नख दाबून सोडलं तरी पांढरं ते पांढरंच. ड्राइव्हलाइन (पंपापासून कंट्रोलरपर्यंत येणारी वायर) घट्ट होती, दोन्ही बॅटऱ्या नीट होत्या. जाऊबाईंना अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं, मुलाला म्हटलं दुसरा कंट्रोलर काढ, आणि दाबायला लागले, तेवढ्यात भाऊजींनी हात धरला. मी हिसका देऊन सोडवून घेतला आणि दाबत राहिले. मुलाने कंट्रोलर बदलला, घरघर सुरू झाली आणि थोड्या वेळाने नखावर गुलाबी रंग आला.

भाऊजी अजून म्हणतात, पंप चालू झाला म्हणून वाचला, तुझ्या दाबण्याने नाही. अहो, पण पंप बंद होता तेवढा वेळ मेंदूला रक्त कोण पोचवत होतं? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्येच सांगितलंय की पंप सुरू होत नसेल आणि शरीराला रक्त मिळत नसेल तर छाती दाबा. हॉस्पिटलवाल्यांसाठी आकडाही दिलाय, मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ५० च्या खाली. पंपाची नळी निसटायचा धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण रक्तच फिरत नसलेल्या माणसाची नळी जपून करायचं काय? ज्याने ट्रेनिंग घेतलं नाही त्याला अशा वेळी मध्ये बोलूच देऊ नका. आमच्या ट्रेनिंगला भाऊजी एकदाही आले नव्हते.

हां, एक राहिलं. माणूस बेशुद्ध आहे पण अंग गरम, रंग चांगला, श्वास नीट, घरघर चालू, तर दाबू नका, शुगर उतरली असेल किंवा स्ट्रोक असेल, लगेच हॉस्पिटल गाठा. शॉक देता येतो, फक्त पॅड पंपाच्या थेट वर नको. टोटल आर्टिफिशियल हार्ट (पूर्ण कृत्रिम हृदय) असेल तर दाबून उपयोग नाही आणि शॉकनेही नाही. आणि दुसरा कंट्रोलर, चार्ज केलेल्या बॅटऱ्या पेशंट जिथे असेल तिथेच ठेवा, आमची बॅग पलंगाशेजारी होती म्हणून मुलाला ती अंधारातही सापडली.