आकडे वेगळे करा, रणांगण नको

प्रश्न : मी एका ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये हीलर आहे, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरून काढणं हे माझं काम. आमचं गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा गट, रेड करतं, म्हणजे एकत्र येऊन मोठे बॉस पाडतं. पीव्हीपी, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांशी लढणं, यात आमच्यापैकी कुणालाच रस नाही. तरीही दर पॅचला, म्हणजे गेममधल्या दर सुधारणेला, अरिनात पीव्हीपी खेळणाऱ्यांच्या तक्रारींवरून आमचे स्पेल नर्फ होतात, म्हणजे कमजोर केले जातात. या वेळी माझी ढाल इतकी कमजोर केली, की जो बॉस आम्ही सहज पाडायचो तो आता सगळे फटके अंगावर घेणाऱ्या आमच्या टँकला दोन फटक्यांत आडवा करतो. गिल्डमधले निम्मे लोक म्हणतात, पीव्हीपी इथून काढून त्याचा वेगळा गेमच करावा. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. मीही हीलरच खेळत आले आहे, त्यामुळे पॅच नोट्स उघडल्यावर आधी आपल्या क्लासवर, म्हणजे पात्राच्या प्रकारावर, नजर जाते आणि पोटात गोळा येतो, हे मला चांगलं माहीत आहे. पण तुमच्या गिल्डचा उपाय मला पटत नाही. दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी बघू.

बॉस कोणाला मारायचं हे कसं ठरवतो? बहुतेक गेममध्ये त्याच्यामागे थ्रेटचा, म्हणजे कोण किती धोकादायक याचा, हिशेब चाललेला असतो. टँक टॉन्ट करतो, म्हणजे बॉसला डिवचून स्वतःकडे ओढतो, थ्रेटच्या यादीत सगळ्यांत वर राहतो, बॉस त्याच्याशी झुंजत बसतो आणि आपण मागे उभं राहून हील करतो. समोर माणूस आला की हा हिशेब कोलमडतो. माणूस टॉन्टला भुलत नाही. तो टँककडे ढुंकूनही न बघता थेट हीलरच्या अंगावर येतो. मग हीलरला एकटीने तग धरता येईल एवढी ताकद द्यावी लागते, आणि ती दिली की ‘ही मरतच नाही’ म्हणून समोरचे ओरडतात.

वेळेचंही तेच. बॉसची हेल्थ अफाट असते, लढाई कित्येक मिनिटं चालते, तिथे सलग होत राहणारं डॅमेज महत्त्वाचं. खेळाडूची हेल्थ त्या मानाने चिमूटभर. दोन-तीन स्किल एका क्षणी बसले की खेळ खल्लास. सहा सेकंदांचा स्टन, म्हणजे समोरच्याला जागीच खिळवणं, घ्या. मोठ्या बॉसवर तो बहुधा लागूच होत नाही, साध्या राक्षसावर लागला तर कुणाचं काही बिघडत नाही. माणसावर लागला, तर ते सहा सेकंद त्याच्या हातात काहीही उरत नाही, आपलं पात्र मरताना नुसतं बघत बसायचं. दोन्हीकडे बरोबर बसेल असा एक आकडा मिळणंच शक्य नाही. तुमची ढाल अरिनात खरोखर अति होत असणार आणि रेडमध्ये ती हवी तेवढीच होती. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

म्हणून वेगळे करायचे ते आकडे. हे करता येतं, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीच करून झालेलं आहे. ‘गिल्ड वॉर्स’मध्ये २००८ पासून काही स्किलच्या दोन आवृत्त्या आल्या, एक राक्षसांविरुद्ध आणि एक खेळाडूंविरुद्ध. नाव तेच, परिणाम वेगळा. ‘फायनल फँटसी १४’ने २०१७ मध्ये आणखी पुढे जाऊन पीव्हीपीसाठी प्रत्येक जॉबला (तिथे क्लासला जॉब म्हणतात) स्किलचा स्वतंत्र संच दिला. तिथे रेडमधल्या हीलरची झोप अरिनामुळे उडत नाही.

पण याची किंमतही असते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१६ मध्ये पीव्हीपीसाठी प्रत्येक स्पेशलायझेशनचे (क्लासच्या उपप्रकाराचे) ठरावीक आकडे लावले, तुम्ही कमावलेल्या गिअरला, म्हणजे शस्त्रं-चिलखतांना, तिथे जवळजवळ अर्थ उरला नाही. लढती बऱ्यापैकी समसमान झाल्या, पण इतक्या मेहनतीने वाढवलेलं आपलं पात्र दारातच कपडे उतरवून आत पाठवल्यासारखं कित्येकांना वाटलं. २०१८ मध्ये ती पद्धत काढली गेली. माझ्या मते खेळाडूंची ती नाराजी अगदी बरोबर होती. रोल-प्लेइंग गेम आपण खेळतो ते त्या पात्रासाठी. आकडे बदला, पण माझी हीलर मला माझीच वाटली पाहिजे.

आता वेगळ्या गेमबद्दल. ‘डार्क एज ऑफ कॅमेलॉट’ (२००१) बघा. तीन राज्यं होती. नेहमीच्या सर्व्हरवर राज्याच्या आतल्या मुलखात शत्रूला पाऊलही ठेवता येत नसे. ज्याला लढायचं नाही त्याने तिथे खुशाल राक्षस मारावेत. लढाई सीमेवर, किल्ल्यांसाठी. आणि सीमेवर जे घडेल त्याचा परिणाम घरी बसलेल्यालाही जाणवायचा : शत्रूचे रेलिक, म्हणजे त्यांच्या पवित्र वस्तू, पळवून आणले तर अख्ख्या राज्याची ताकद वाढायची, आणि ज्या राज्याच्या हातात जास्त किल्ले त्यालाच डार्कनेस फॉल्स या डन्जनचं, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयाराचं, दार उघडं. कधीही न लढणारा माणूससुद्धा आज किल्ला कोणाकडे आहे याची चौकशी करायचा. कुणावर सक्ती नाही, तरी सगळे एकाच जगात. पीव्हीपी उचलून दुसऱ्या गेममध्ये नेलंत, तर रेडवाल्यांना शांतता मिळेल, पण त्या जगातली एकमेव अशी गोष्ट जाईल जी कुणी आधी लिहून ठेवलेली नसते. बॉसची चाल तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना पाठ होते. माणसांची होत नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे वेगळी काढेन, ती म्हणजे बक्षिसं. २००७ नंतर वॉरक्राफ्टमध्ये अरिनातली शस्त्रं इतकी चांगली होती, की रेड करणारे लोक मनात नसताना दर आठवड्याला ठरलेल्या मॅचेस उरकायला जायचे. त्यांना मजा नाही, आणि समोर खरोखर खेळायला आलेल्यांनाही नाही. ज्याला लढायचं त्याला लढाईतून, ज्याला रेड करायची त्याला रेडमधून सर्वोत्तम गिअर मिळायला हवं.

तेव्हा तुमच्या गिल्डने डेव्हलपरना लिहायचंच असेल, तर ‘पीव्हीपी काढा’ असं लिहू नका. ‘खेळाडूंकडून होणारं डॅमेज ही ढाल कमी शोषेल, राक्षसांकडून होणारं पूर्वीइतकंच शोषेल, असं करा’ असं लिहा. सोबत त्या बॉसच्या लढतीचा कॉम्बॅट लॉग (फटक्यांची नोंद) जोडा, नर्फच्या आधीचा आणि नंतरचा. अशी मागणी पुढच्या पॅचमध्ये बसू शकते.

प्रश्न : मी मैत्रिणीला आग्रह करून आमच्या गेममध्ये आणलं. ती बाराव्या लेव्हलवर असताना एका वरच्या लेव्हलच्या खेळाडूने तिला मारलं आणि तिच्या प्रेतापाशीच थांबला. ती उठली की पुन्हा मारायचा. संध्याकाळभर हेच चाललं. तिने गेम काढून टाकला. गिल्डमधले म्हणतात, ओपन वर्ल्ड पीव्हीपी, म्हणजे कुठेही कुणावरही हल्ला करता येणं, म्हटलं की हे आलंच. खरंच आलंच का?

उत्तर : नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत जे झालं त्याला मी लढाई म्हणणार नाही. लढाईत दोन्ही बाजूंना काहीतरी करता येतं. बाराव्या लेव्हलच्या पात्राचे निम्मे फटके तर त्या माणसाला लागलेही नसतील. त्यालाही या मारण्यातून बहुतेक काहीच मिळत नव्हतं, ना अनुभव, ना लूट. मिळत होतं ते एवढंच, की पलीकडे कुणीतरी हताश होतंय.

हा प्रश्न ऑनलाइन गेमइतकाच जुना आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’ १९९७ मध्ये सुरू झाला तेव्हा शहराच्या पहारेकऱ्यांची हद्द संपली की कुणीही कुणालाही मारून लुटू शकत असे. खाणीत कुदळ चालवणारा नवा माणूस म्हणजे आयतं सावज. बदनामीची, खुनी ठरवण्याची निरनिराळ्या पद्धती करून पाहिल्या, तरी नवे लोक टिकेनात. शेवटी २००० मध्ये त्याच नकाशाची दुसरी प्रत काढली : ट्रॅमेल, जिथे संमतीशिवाय कुणी कुणाला मारू शकत नाही. जुनं जग फेलुका म्हणून तसंच ठेवलं. बहुतेक सगळे ट्रॅमेलला निघून गेले. संधी मिळताच लोक जिथून उठून जातात, तिथे ते आवडीने राहत नव्हते, एवढं तर उघड आहे. पण त्यातून फेलुका ओस पडली, आणि पुढे माणसं तिकडे फिरकावीत म्हणून तिथे दुप्पट खनिज, दुप्पट लाकूड असं आमिष द्यावं लागलं. जग सरळ दोन तुकड्यांत कापण्याचा हा तोटा.

मला संमती महत्त्वाची वाटते, आणि ती घेण्याचे ट्रॅमेलपेक्षा चांगले मार्ग आता आहेत. वॉरक्राफ्टमध्ये २०१८ पासून वॉर मोड आहे. तो आपण स्वतःच्या मुख्य शहरात जाऊन चालू करायचा, त्या बदल्यात थोडा जास्त अनुभव मिळतो. ‘अल्बियन ऑनलाइन’मध्ये प्रदेशांना रंग आहेत. निळ्यात निर्धास्त फिरा. लाल किंवा काळ्या प्रदेशात मेलात तर अंगावरचं सगळं जातं, हे आत शिरण्याआधीच माहीत असतं. तिथे कुणी मला गाठून मारलं तर मी चरफडेन, पण अन्याय झाला असं म्हणणार नाही.

तुमची मैत्रीण परत यायला तयार असेल, तर संमतीचा सर्व्हर किंवा मोड असलेला गेम निवडा आणि पहिले काही आठवडे सोबत फिरा. आणि गिल्डमधल्या त्या मंडळींना विचारा : अशी नवी माणसं निघून गेली, तर वर्षभराने तुम्ही लढणार कुणाशी?

प्रश्न : मग ‘ईव्ह ऑनलाइन’ इतकी वर्षं कसा टिकला? तिथे तर कुठेही मारतात.

उत्तर : कारण ईव्हमध्ये लढाई हाच बाजाराचा कणा आहे. २००३ पासून चालू असलेल्या या अंतराळातल्या गेममध्ये जवळजवळ सगळी जहाजं खेळाडूंनीच बांधलेली असतात. कुणी खनिज काढतो, कुणी ते वाहून नेतो, कुणी बांधतो, कुणी विकतो. फुटलेलं जहाज परत येत नाही, नवं घ्यावं लागतं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या ठिकाणी झालेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यांत मोठी जहाजं, नष्ट झाली; त्यातलं प्रत्येक उभं करायला कितीतरी लोकांनी महिनोन्महिने खनिज गोळा केलं होतं. तिथून पीव्हीपी काढलं तर कधीही न लढलेल्या खाणवाल्याचाच माल आधी पडून राहील. आणि ‘कुठेही’ हा शब्द थोडा सैल आहे. जास्त सुरक्षेच्या भागात तुम्ही विनाकारण हल्ला केलात तर कॉन्कॉर्ड हे गेममधलं पोलिसदल येऊन तुमचं जहाज फोडतंच. ते बळी पडलेल्याला वाचवत नाही, मारणाऱ्याकडून किंमत वसूल करतं. हे त्या गेमच्या स्वभावाला शोभतं. तुमच्या गेममध्ये तलवार एकदा मिळाली की ती कायमची असेल, तर ईव्हचा दाखला तिथे चालणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघं मिळून एक छोटा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम बनवतोय. पीव्हीपी सुरुवातीपासून ठेवावं, नंतर आणावं, की त्यासाठी अगदी वेगळा मोड करावा?

उत्तर : तुमच्यासाठी खरी अडचण गर्दीची आहे. पाच विरुद्ध पाचची एक मॅच जमायला साधारण सारख्या कसबाचे दहा जण एकाच वेळी रांगेत हवेत. मोठ्या गेमला ते जमतं. तुमच्याकडे एका वेळी शंभर लोक असतील आणि ते तीन मोडमध्ये वाटले गेले, तर कुठलीच रांग हलणार नाही. म्हणून छोट्या गेमने वेगळा मोड सगळ्यांत शेवटी करावा.

ओपन पीव्हीपीनेही सुरुवात करू नका. ‘न्यू वर्ल्ड’ मुळात तसाच आखला होता. चाचणीत वरच्या लेव्हलचे लोक खालच्यांना टिपत सुटले, तेव्हा २०२० मध्ये आराखडा बदलून फ्लॅग लावायची, म्हणजे ज्याला लढायचं त्याने स्वतः तशी खूण चालू करायची, पद्धत आणली, आणि २०२१ मध्ये गेम त्याच पद्धतीसह बाजारात आला. पैसा आणि माणसं असलेल्यांना असं वळता येतं. चौघांच्या टीमचा त्यातच दम निघेल. गेम-अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मडच्या, म्हणजे मजकुरावर चालणाऱ्या जुन्या ऑनलाइन गेमच्या, खेळाडूंचे चार स्वभाव मांडले होते : मिळवणारे, शोधणारे, गप्पा मारणारे आणि मारणारे. त्यातलं निरीक्षण अजून लागू पडतं. मारणारे वाढले की सगळ्यांत आधी गप्पा मारणारे निघून जातात, आणि छोट्या गेममध्ये लोकांना रोज परत आणतात ती नेमकी हीच माणसं.

सुरुवात दोघांच्या संमतीच्या द्वंद्वाने करा. एकाने बोलावलं, दुसऱ्याने होकार दिला, एक जण हरला की थांबलं. कुणाचं काही जात नाही, बघायला चार जण जमतात. त्यासाठीसुद्धा कोडमध्ये एक तरतूद पहिल्या दिवसापासून हवी : प्रत्येक स्किलच्या डॅमेजला, हीलला आणि स्टनच्या कालावधीला दोन किमती ठेवा, लक्ष्य राक्षस असेल तर एक, खेळाडू असेल तर दुसरी. आज दोन्ही रकान्यांत तोच आकडा भरा, हरकत नाही. दोन वर्षांनी दोनशे स्किल झाल्यावर ही सोय मागाहून घुसवायला गेलात तर प्रत्येक स्किल उसवून पुन्हा शिवावा लागेल.

लोक वाढले की नकाशाच्या एका कडेला एखादा किल्ला किंवा खाण लढाईसाठी मोकळी करा, आणि तिथून निघणारं खनिज सगळ्यांच्या बाजारात येऊ द्या.