फास्ट चार्जर उभा आहे, पण सुरू होत नाही. इलेक्ट्रिक गाडीची डिलिव्हरी घ्यावी की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडवर घराजवळच्या पेट्रोल पंपावर फास्ट चार्जरची दोन मशीन बसवून अख्खा पावसाळा उलटला. बोर्डावर 'लवकरच सेवेत' आहे, पंपावरची पोरं दर वेळी 'पुढच्या आठवड्यात' म्हणतात. इकडे गाडी बुक झालीय आणि सोसायटीत अजून पॉइंट नाही. थांबायचं का?

डिलिव्हरी घ्या, पण त्या स्टेशनच्या भरवशावर घेऊ नका. का ते सांगतो.

मी ठाण्यातच एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे आहे. नवीन जोडणीचे अर्ज, कोटेशन, टेस्ट रिपोर्ट, मीटर लागेपर्यंतच्या चकरा हे रोजचंच. अशा काही स्टेशनांची कामंही केलीत. पंपावरची पोरं खोटं बोलत नाहीत. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं.

मशीन हा या सगळ्यातला सोपा भाग. ट्रकमधून येतं, हायड्रा क्रेन लावून फाउंडेशनवर ठेवायचं, बोल्ट आवळायचे, एका दुपारचं काम. वर रंगीत स्टिकर, एलईडी, बोर्ड. चार्जिंग कंपनीलाही ते लवकर उभं करायचं असतं, कारण फोटो काढता येतो. बघणाऱ्याला वाटतं, झालंच की! घोडं अडतं ते विजेपाशी.

६० किलोवॅटची दोन मशीन म्हणजे १२० किलोवॅट. दीड टनाचे ऐंशीएक एसी एकदम चालू केले तर जेवढा लोड येईल, साधारण तेवढा. पेट्रोल पंपाचं मूळ कनेक्शन पंपाच्या मोटरी, दिवे, हवेचा कॉम्प्रेसर एवढ्यापुरतं असतं. जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावर, एवढी जागा क्वचितच शिल्लक असते, त्यातून घोडबंदर पट्ट्यात, जिथे दर वर्षी नवे टॉवर त्याच जाळ्यावर येतात. मग नवा ट्रान्सफॉर्मर, त्याच्यासाठी जागा, कुंपण, आणि जवळच्या आरएमयूपासून (रस्त्याकडेची उच्चदाबाची स्विचपेटी, जिथून पुढे जोडणी निघते) तिथपर्यंत उच्चदाबाची केबल. अर्ज, जागेची पाहणी, कोटेशन, पैसे भरणं, मग काम. पुष्कळदा हे काम अर्जदार स्वतःच परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतो आणि महावितरणकडे १.३ टक्के देखरेख शुल्क भरतो.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की नवी जोडणी महानगरात ३ दिवसांत आणि इतर पालिका हद्दीत ७ दिवसांत द्यायची असा केंद्राचा नियम आहे. आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत तशी दुरुस्ती झाली. पण जिथे लाइन वाढवावी लागते किंवा नवं सबस्टेशन उभारावं लागतं, तिथे ही मुदत लागू होत नाही. फास्ट चार्जरची जोडणी बहुतेक वेळा नेमकी त्याच प्रकारात बसते.

मग रस्ता. आरएमयू रस्त्याच्या पलीकडे असला की खोदाईची परवानगी आली, रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क आलं. पावसाळ्यात पालिका खोदाईला परवानगी देत नाहीत. मे महिन्यात ज्याचा कागद हुकला, तो थेट पावसानंतरच्या रांगेत. घोडबंदरला तर मधोमध मेट्रो ४ चे खांब, कडेला सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात सामावण्याचं काम, खाली पाण्याची लाइन, गॅसची लाइन, फायबरच्या केबली. एका खड्ड्यासाठी चार कार्यालयांचे शिक्के. रस्ता न फोडता आडवं ड्रिलिंग करता येतं, पण खाली काय गेलंय याचा नकाशा कुणाकडेच पूर्ण नसतो, म्हणून आधी हाताने चाचणी खड्डे घ्यावे लागतात. आमच्या माणसांना त्या कामाचा सगळ्यात जास्त कंटाळा.

तुमचं स्टेशन पंपाच्या आवारात आहे म्हणून आणखी एक. पेट्रोल पंपाचा परवाना 'पेसो'च्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, अखत्यारीत येतो, मुख्यालय नागपूरला. पेट्रोलची टाकी आणि डिस्पेन्सर यांच्यापासून चार्जर किती लांब हवा याचे सुरक्षेचे नियम आहेत आणि आवाराचा मंजूर नकाशा बदलायचा तर मंजुरी लागते. मॉलच्या किंवा ऑफिसच्या पार्किंगमधलं स्टेशन म्हणूनच त्या मानाने लवकर सुरू होतं.

ट्रान्सफॉर्मर बसला, केबल आली, तरी विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि मंजुरी मिळेपर्यंत त्यात वीज सोडता येत नाही. हा टप्पा लोकांना जाचक वाटतो. मला अजिबात वाटत नाही. भर पावसात माणूस हातात जाड केबल धरून तिथे उभा राहणार आहे. अर्थिंगचं माप कुणीतरी त्रयस्थाने घेतलेलं बरं.

आता, 'कधी' हे विचारण्यापेक्षा एकदा मशीनच्या मागे जाऊन बघा. जमिनीतून केबलचं टोक वर आलंय आणि त्याला प्लास्टिकची टोपी घालून टेप गुंडाळलीय, तर अजून काहीच जोडलेलं नाही, त्या बाजूला फिरकूही नका. ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आहे पण वर काही नाही, तर काम कोटेशनपाशी किंवा पैशापाशी अडकलंय. ट्रान्सफॉर्मर आहे, कुंपणाला धोक्याची पाटी आहे, मीटरची पेटी बसलीय पण काचेतून आत बघितलं तर मीटरच नाही, तर तपासणीची वाट बघतायत. पेटीत मीटर आहे, त्याचा डिस्प्ले चालू आहे, महावितरणचं सील दिसतंय, तर उरलं ते मशीन कंपनीच्या इंजिनिअरचं काम: सिमकार्डला रेंज, अॅपला जोडणी, एखाद्या गाडीवर चाचणी. इथे मात्र 'पुढच्या आठवड्यात'वर विश्वास ठेवायला हरकत नाही. मशीनचा स्क्रीन पेटलेला दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. जनरेटर लावूनही तेवढं करून दाखवता येतं.

मुळात तुम्हाला रोज फास्ट चार्जर लागणार आहे का? घोडबंदरहून ऐरोली किंवा बीकेसी जाऊन-येऊन रोजचं ४०-६० किलोमीटर धरा. त्याला सात ते दहा युनिट लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवरून गाडीसोबतचा ३.३ किलोवॅटचा चार्जर रात्री आठ तास लावला तर पंचवीसेक युनिट भरतात, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. रोजच्यासाठी हे पुरून उरतं. फास्ट चार्जर लागतो तो पुणे-नाशिकला निघाल्यावर, आणि तेव्हा तो घराजवळ नाही, वाटेत हवा. शिवाय सार्वजनिक चार्जिंगचा दर घरच्यापेक्षा बराच चढा, वर १८ टक्के जीएसटी. आणि ८० टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे शंभर भरेपर्यंत तिथे बसणं म्हणजे मागच्याच्या शिव्या खाणं.

म्हणून खरी धावपळ स्टेशनसाठी नको, सोसायटीत करा, तीही आजच. त्याच फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीत गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिलाय. सेक्रेटरींना तोंडी सांगत बसू नका. अर्ज लेखी द्या, सोबत मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार याचा साधा नकाशा आणि ठेकेदाराचा परवाना क्रमांक जोडा. कमिटीचा विरोध बहुतेक वेळा 'आग लागली तर' आणि 'बिल कोण भरणार' या दोनच गोष्टींवर असतो. वेगळा मीटर, वेगळा एमसीबी (जास्त लोड आला की तुटणारा स्विच) आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असं कागदावर दिसलं की अर्धे जण गप्प होतात. उरलेले सभेत बोलतातच, त्याला इलाज नाही.

केबल तांब्याची आणि किमान ६ स्क्वेअर एमएमची घ्या, मीटर रूम लांब असेल तर जाड. अर्थिंग आधी तपासून घ्या. जुन्या इमारतींत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये जास्त व्होल्टेज दिसलं की गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडतो, आणि लोक शोरूमला फोन करून भांडत बसतात. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा, पाच मिनिटांत कळेल.

पार्किंग तुमच्या नावावर नसेल, भाड्याचं असेल किंवा गाडी रस्त्यावर लावत असाल, तर मात्र माझं उत्तर उलटं आहे. डिलरला सांगून डिलिव्हरी पुढे ढकला आणि त्या पेटीत मीटर लागेपर्यंत थांबा. सुरू झाल्यावरही पहिले काही आठवडे दुसरं स्टेशन अॅपवर हेरून ठेवा, कारण नव्या मशीनच्या दोनपैकी एक गन (गाडीत खुपसायचा केबलचा दांडा) सुरुवातीला हमखास रुसलेली असते.